रिकाम्या खुर्चीचा अर्थ: चिन्हमीमांसा वापरताना या चुका टाळा

मल्टिमीडियाच्या चिन्हमीमांसक विश्लेषणात, म्हणजे चिन्हांतून अर्थ कसा तयार होतो हे तपासताना, वारंवार आढळणारी चूक म्हणजे चित्र, मजकूर आणि ध्वनी यांचे वेगवेगळे रकाने पाडून प्रत्येकापुढे ‘अर्थ’ लिहून मोकळे होणे. समजा, पडद्यावर एक रिकामी खुर्ची आहे. खाली ‘जागा भरणे आहे’ ही ओळ आणि मागे उत्साही ताल असेल, तर ती नोकरीची जाहिरात ठरते. ओळ काढून संथ व्हायोलिन लावले, तर तीच खुर्ची कुणाच्या तरी जाण्याविषयी बोलू लागते. खुर्ची मात्र जागची हललेली नसते. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी 1964 मध्ये पास्त्याच्या एका जाहिरातीच्या निमित्ताने मजकुराची दोन कामे वेगळी केली: चित्राच्या अनेक संभाव्य अर्थांपैकी एकावर वाचकाला खिळवणे, म्हणजे अँकरेज, आणि चित्रात नसलेले सांगून कथन पुढे नेणे, म्हणजे रिले. आपली ओळ यांपैकी काय करते हे आधी ठरवले नाही, तर ती बहुधा चित्रात दिसते तेच पुन्हा सांगत बसते.

अर्थ नेमका कशामुळे बदलला हे कळत नसेल, तर अदलाबदलीची कसोटी लावावी: एखादा घटक बदलून अर्थ बदलतो का ते पाहावे. एका वेळी एकच घटक बदलावा. संगीत आणि रंग एकदम बदलले, तर निष्कर्षाला आधार उरत नाही.

‘लाल म्हणजे धोका’ अशा तयार कोशावर विसंबणे हीही चूकच. चिन्हाचे मूल्य इतर चिन्हांपासूनच्या भेदातून येते, हा स्विस भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर यांचा मुद्दा येथे थेट लागू पडतो: ज्या पडद्यावर सगळीच बटणे लाल आहेत, तेथे लाल रंग कशाचाही इशारा देत नाही.

अमेरिकन तत्त्वज्ञ पर्स यांचे आयकॉन (वस्तूशी साम्य), इंडेक्स (वस्तूशी प्रत्यक्ष संबंध, जसा धूर आगीचा) आणि सिंबल (निव्वळ रूढी) हे चिन्ह व वस्तू यांच्यातील संबंधाचे प्रकार आहेत. त्यांना एकमेकांना वगळणारे कप्पे मानू नये. ‘सेव्ह’साठीचे फ्लॉपीचे चित्र ती डिस्क हाताळलेल्यांना वस्तूसारखे दिसते, तर ती कधी न पाहिलेल्यांसाठी तो निव्वळ रूढ संकेत असतो. त्यामुळे वापरकर्त्यांसोबतच्या चाचणीत ‘हे चित्र आवडले का?’ असे विचारून फारसे काही हाती लागत नाही. ‘हे दाबल्यावर काय होईल?’ असे विचारावे. आधी चित्र एकटे दाखवून, मग पूर्ण पडद्यात. एकटे असताना उत्तर चुकले आणि पडद्यात बरोबर आले, तर चित्र नव्याने काढण्याची घाई करू नये, पण शेजारची शब्दपट्टीही जागा वाचवण्यासाठी काढून टाकू नये.