कॅमेरे चालू, रेकॉर्डिंग गायब: या चुका टाळा

दिवाळीच्या तोंडावर इंदूरला लोकमान्य नगरातल्या आमच्या ओट्यावरून पितळी घंगाळ गेलं. आजीच्या माहेरचं, आता त्यात कमळाचा कंद लावला होता. तरी घरात कुणी फार हळहळलं नाही, कारण चार कॅमेरे होते आणि टीव्हीवर चारही चौकोन लख्ख दिसत होते. रात्री मागचं रेकॉर्डिंग काढायला बसलो, तर कॅलेंडरात जुलैनंतर एकाही तारखेवर खूण नाही. रेकॉर्डिंग साठवणारी हार्ड डिस्क तेव्हाच गेली होती. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा, दोन दिवस टीं टीं करत होता. "अरे, ते आधी बंद कर, पूजेत लक्ष लागत नाही," असं आई म्हणाली आणि मी मेनूत जाऊन बझरच बंद करून टाकला होता.

टीव्हीवर थेट चित्र दिसायला डिस्क लागतच नाही, हे मला चोरी झाल्यावर कळलं. म्हणून महिन्यातून एकदा चार दिवसांपूर्वीची कुठलीही दहा मिनिटं काढून बघा, आणि पेनड्राइव्हवर उतरवूनही बघा. उतरवताना घोळ होतो तो ऐन वेळी समजून उपयोग नाही. बझर वाजला तर मेनूत डिस्कची स्थिती तपासा. कधी कधी डिस्कला जोडणारी साटा केबल नुसती ढिली झालेली असते, मशीन बंद करून घट्ट बसवली की काम भागतं. नाहीच चाललं तर डिस्क बदला, पण जुन्या कॉम्प्युटरमधली काढून लावू नका. चोवीस तास लिहीत राहायला वेगळी डिस्क येते, डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉकसारखी.

दुसरी चूक जागेच्या हिशेबाची. कॅमेरे बसवणारा मुलगा म्हणाला होता, "एक टीबी में महीना निकल जाएगा, भिया." हिशेब स्वतः करा. 4 एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला 4 मेगाबिट, या बिटरेटवर एक कॅमेरा दिवसाला साधारण 43 जीबी खातो. चार कॅमेरे 173 जीबी. म्हणजे 1 टीबी सहा दिवसही पुरत नाही, मग जुन्यावर नवं लिहिलं जातं. लग्नाला आठवडाभर पुण्याला गेलात, की निघाल्या रात्रीचं फुटेज परत येईपर्यंत पुसलेलं. मेनूत एच.265 ही व्हिडिओ जास्त दाबून साठवायची पद्धत निवडून बिटरेट 2 वर आणला तर अकरा दिवस मिळतात. फक्त हालचालीवर रेकॉर्ड करायचा पर्याय जागा वाचवतो, पण वाऱ्यावर कण्हेर हलली तरी तो जागा होतो आणि कधी खरा माणूस निसटतो. गेट आणि ओटा सतत, मागचं अंगण हालचालीवर, असं मी केलंय.

लेन्सकडे तर कुणी बघतच नाही. घरोघरी 2.8 मिलिमीटरची, म्हणजे रुंद दिसणारी, लावतात, कारण टीव्हीवर सगळं अंगण मावतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण 8 मीटरवरच्या गेटपाशी तिला जवळजवळ 19 मीटर रुंदी दिसते. चित्राचे आडवे 1920 पिक्सेल तेवढ्या रुंदीत वाटले, की चेहऱ्याच्या वाट्याला पंधरा-सोळा येतात. कुणीतरी आलं एवढं कळतं, कोण ते कळत नाही. गेटसाठी 6 मिलिमीटर घ्या, तोच चेहरा चाळीस पिक्सेलांचा होतो. आणि कॅमेरा छज्ज्याच्या टोकाला टांगू नका, नुसती टाळकी दिसतात. आठ-नऊ फूट पुरे.

रात्री चित्र पांढरंफटक येत असेल, तर कॅमेरा बिघडला असं लगेच समजू नका. शेजारच्या पांढऱ्या भिंतीवरून किंवा छज्ज्यावरून कॅमेऱ्याचाच इन्फ्रारेड उजेड परत येत असतो. तोंड थोडं वळवा. धुकं दिसलं तर आधी कोळ्याचं जाळं आणि काचेवरची धूळ पुसा.

वायफायचा कॅमेरा भाड्याच्या घराला ठीक, पण लाइट गेली की राउटरही जातो. आणि रेकॉर्डिंगचं मेमरी कार्ड कॅमेऱ्यातच असेल तर चोर दोन्ही घेऊन जातो. डीव्हीआरला छोटा यूपीएस लावा. आणि डीव्हीआर टीव्हीखालच्या शोकेसमधून हलवा, नाहीतर चोर तोही उचलेल; आमचा आता माळ्यावर आहे, हवा लागेल असा.

नवीन कॅमेरा घेताना एसटीक्यूसी या सरकारी चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र विचारा. सुरक्षेच्या चाचणीचा नियम 9 एप्रिल 2025 पासून लागू झालाय. आलेला पासवर्ड तसाच ठेवू नका. 2016 मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं असेच न बदललेले पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. शिवाय ॲपमध्ये मूळ खातं कुणाच्या नंबरवर आहे ते बघा. आमचं सहा महिने बसवणाऱ्या मुलाच्याच मोबाइलवर होतं. म्हणजे आमचं अंगण त्याला दिसत होतं.

राहिलं घड्याळ. डीव्हीआरच्या आत नाण्याएवढा सेल असतो. तो संपला की दर वेळी लाइट गेल्यावर तारीख मागे पळते. फुटेजची नक्कल कोर्टात द्यायची, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि तिथे वेळच चुकली असेल तर काय सांगणार? आमच्या समोरच्या काकांच्या कॅमेऱ्यात घंगाळ खांद्यावर घेऊन जाणारा माणूस अगदी नीट आलाय. काकांनी मोठ्या अभिमानानं बोलावून दाखवला. कोपऱ्यात तारीख होती 1 जानेवारी 2000.