पणजोबांचं तैलचित्र विकायचंय? आधी त्याची पाठ वाचा

गोव्यातल्या जुन्या घरात एखादी मोठी तसबीर असतेच. फोंडा-डिचोलीकडच्या घरांत ती राजांगणाकडे तोंड करून टांगलेली असते, सासष्टीतल्या घरांत सालातल्या, म्हणजे दिवाणखान्यातल्या, कोचाच्या वर. पागोटं किंवा काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, हातात काठी. घराच्या वाटण्या होतात, भांडीकुंडी, पलंग, कपाटं सगळ्यांची सोय लागते आणि ही तसबीर मागे उरते. नव्या फ्लॅटच्या भिंतीवर ती मावत नाही, टाकवत तर त्याहून नाही.

आमच्या घरातली अशी तसबीर विकायचं ठरलं, तेव्हा काकीने प्रेमाने ओलं फडकं घेऊन चेहरा पुसला आणि गालावरच्या रंगाचा पापुद्रा फडक्यावर आला. म्हणून सगळ्यात आधी हे सांगतो.

पुसू नका

ओलं फडकं नको, खोबरेल नको, बटाट्याची फोड नको, फर्निचरचं पॉलिश तर अजिबात नको. आपल्याकडच्या दमट हवेत कॅनव्हास आणि त्यावरचा रंग वेगवेगळ्या मापाने फुगतात-आकसतात. त्यातून भेगा पडतात आणि रंगाचे तुकडे नुसते टेकून राहिलेले असतात. चित्रावरचा तपकिरी थर बहुतेक वेळा जुन्या व्हार्निशचा, समईच्या आणि धुपाच्या काजळीचा असतो. तो काढणं हे प्रशिक्षित माणसाचं काम आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र अशी कामं करतं. पण चित्राची किंमत कळण्याआधी दुरुस्तीवर पैसे घालू नका. जाणकार गिऱ्हाइकाला हात न लावलेलं, मळकं चित्रच जास्त आवडतं, कारण झाकपाक केलेलं काही नाही याची त्याला खात्री असते.

चित्र भिंतीवरून दोघांनी मिळून उतरवा, कोरड्या खोलीत उभं ठेवा. वाळवी आणि बुरशी मागच्या बाजूला आधी दिसते.

पाठ वाचा

चित्राची पाठ हे त्याचं जन्मपत्र. फ्रेम करणाऱ्या दुकानाची चिठ्ठी, प्रदर्शनाचं लेबल, पेन्सिलीने लिहिलेलं नाव, एखादी तारीख, यातलं काहीही सापडू शकतं. त्या प्रत्येकाचा जवळून फोटो काढा. मागचा कागद फाटका असला तरी फाडून फेकू नका, खिळे उपटू नका. पुढून सही शोधताना टॉर्च तिरपा धरा. सही बहुधा खालच्या कोपऱ्यात असते आणि अनेकदा फ्रेमच्या कडेखाली अर्धी झाकलेली असते. सहीचा रंग जुन्या भेगांच्या आत उतरलेला दिसला तर सावध व्हा. ती सही नंतर कुणीतरी केलेली असण्याची शक्यता आहे.

मुळात हे रंगवलेलं चित्र आहे ना, हेही इथेच तपासा. त्या काळी फोटोचं मोठं ब्रोमाइड, म्हणजे कागदावरचा मोठा ठसा, करून त्यावर रंग चढवून घ्यायची पद्धत होती. लांबून तैलचित्रच वाटतं. भिंगातून पाहिलं की दाढी-मिशांत, डोळ्यांत ब्रशचा फटकारा कुठेच नसतो, नुसता फोटोचा गुळगुळीतपणा असतो. देवादिकांच्या तसबिरी तर बहुतेक छापीलच. १८९४ साली राजा रविवर्म्यांचा छापखाना सुरू झाला आणि अशी चित्रं घरोघर पोचली. त्यांनाही गिऱ्हाईक असतं, पण तो बाजार वेगळा.

चित्रकार कोण?

गोव्यातून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला गेलेल्यांत सगळ्यात मोठं नाव आंतोनियो शावियेर त्रिंदाद यांचं. जन्म १८७० चा, सांगेचा. पुढे ते जे. जे.मध्येच शिकवू लागले आणि १९२० साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक त्यांना मिळालं, तेही पत्नीच्या चित्रासाठी. १९३५ मध्ये ते गेले. पणजीच्या फोंतेन्यस भागात फुंदासांव ओरियेंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेत त्यांची चित्रं मांडलेली आहेत. घरातलं चित्र त्यांचं असेल असं वाटत असेल तर आधी तिथे जाऊन निवांत उभे राहा. गालावर उजेड कसा पडलाय, हात कसे रंगवलेत, पार्श्वभूमी किती गडद आहे ते बघा. मग घरी येऊन आपलं चित्र पुन्हा पाहा.

शेजारच्या सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर (१८८२ ते १९६८) हेही व्यक्तिचित्रांचे मोठे चित्रकार. सांतइस्तेव्हचे आंजेलो द फोन्सेका (१९०२ ते १९६७) यांची वाट निराळी, भारतीय शैलीतल्या ख्रिस्ती चित्रांची. त्यांच्या चित्रांचा मोठा साठा पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये आहे. सही नसेल तर घाईने कुणाचंही नाव चिकटवू नका. सही नसलेलं प्रामाणिक चित्र विकलं जातं, खोट्या नावाचं पकडलं जातं आणि मग त्याला कुणी हात लावत नाही.

चित्रातला माणूस कोण?

माझ्या मते खरी किंमत इथे ठरते आणि लोक नेमकं इथेच थांबतात. नाव नसलेला टोपीवाला गृहस्थ बाजारात मागे पडतो. तोच गृहस्थ कुठल्या गावचा, काय काम करायचा, चित्र कुठल्या साली आणि कशासाठी काढून घेतलं, हे कळलं की संग्राहक थांबून बघतो. ही माहिती घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे असते आणि त्यांच्याबरोबर जाते. चित्र उतरवायच्या आधीच आजी, मोठ्या आत्या, काका यांच्यापाशी बसा. त्या भिंतीपुढे काढलेले लग्नामुंजीचे जुने फोटो शोधा. मागे तसबीर दिसत असेल तर ती कित्येक वर्षं तुमच्याच घरी होती याचा तो पुरावा. पोर्तुगीज काळात वारसांच्या वाटणीसाठी कोर्टात इन्व्हेंतार, म्हणजे मालमत्तेची मोजदाद, व्हायचा. त्याच्या कागदांत सामानसुमानाची यादी असते. त्यात चित्राची एक ओळ जरी सापडली तरी तिची नक्कल काढून घ्या.

सगळं एका कागदावर लिहा. ऐकीव आहे ते ऐकीव म्हणून, कागदावर आहे ते कागदाचा दाखला देऊन.

चित्र नक्की कुणाचं?

चित्र ज्याच्या ताब्यात तो मालक, असं नसतं. आजोबांच्या पश्चात वाटणीच झाली नसेल तर ते सगळ्या वारसांचं, पोर्तुगालला, मुंबईला, लंडनला गेलेल्यांचंसुद्धा. गोव्याच्या कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सर्वसाधारणपणे दोघांची सामायिक असते, म्हणून सूनबाई-जावईबापूंनाही विचारात घ्या. सगळ्यांच्या सह्यांचं संमतीपत्र आधी करून ठेवा. बोली लागल्यावर एक चुलतभाऊ उभा राहिला की व्यवहार तर मोडतोच, भावकीही मोडते.

शंभर वर्षांची रेषा

१९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं चित्र पुरावस्तू ठरतं. ते देशात विकता येतं, पण परदेशी नेता येत नाही. नेल्यास किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड आहे. लिस्बनचा भाचा बॅगेत घालून नेतो म्हणाला तर त्याला हे स्पष्ट सांगा. अशा चित्रांची नोंदणी लागते आणि नोंदलेली वस्तू दुसऱ्याच्या नावे झाली की तेही कळवावं लागतं. पुरावस्तू विकण्याचा धंदा करणाऱ्याकडे परवाना हवा. तो दाखवा म्हणायला लाजू नका. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं कार्यालय जुन्या गोव्यात आहे, आधी तिथे चौकशी करा. ही रेषा दरवर्षी एक वर्षाने पुढे सरकते, म्हणून चित्राचं साल महत्त्वाचं. त्याहून नवं चित्र बाहेर पाठवायचं असेल तर ते पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा लागतो.

किंमत आणि गिऱ्हाईक

दारावर येऊन 'फ्रेम चांगली आहे, सगळं मिळून इतके देतो' म्हणणाऱ्याला त्या दिवशी काहीच विकू नका. त्याने फ्रेमचीच स्तुती केली तर चित्राकडे दुप्पट लक्ष द्या.

पुढून, मागून, सहीचे, भेगांचे फोटो, लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये आणि तुम्ही लिहिलेला तो कागद, एवढं मुंबईच्या दोन-तीन लिलावगृहांना पाठवा. सॅफ्रनआर्ट, पंडोल्स, अस्तागुरू ही तिथली जाणती नावं. तिथल्या जुन्या लिलावांचे आकडे त्यांच्या संकेतस्थळांवर बघता येतात. त्याच चित्रकाराच्या, साधारण त्याच मापाच्या व्यक्तिचित्राशीच तुलना करा. गोव्याचे प्रसिद्ध चित्रकार एफ. एन. सूझा यांच्या एका चित्राला कोट्यवधी आले म्हणून गोव्यातलं प्रत्येक चित्र त्या भावाला जात नाही.

करारावर सही करण्याआधी विचारा: विक्रेत्याचं कमिशन किती, वाहतूक, विमा आणि कॅटलॉगच्या छपाईचा खर्च कुणाचा, किमान किंमत किती धरणार, चित्र विकलं गेलं नाही तर परत कोण आणि कुणाच्या पैशाने आणणार, पैसे किती दिवसांत मिळणार. किमान किंमत हावरेपणाने चढवू नका. लिलावात पडून राहिलेल्या चित्राकडे पुढची काही वर्षं लोक संशयाने बघतात. घाई नसेल तर संग्रहालयालाही विचारा. पैसे कमी मिळतील किंवा मिळणारही नाहीत, पण चित्र गोव्यात राहील आणि नातवंडांना जाऊन बघता येईल. मला स्वतःला हा मार्ग फार मोलाचा वाटतो.

पाठवताना

जून ते सप्टेंबर टाळा. कॅनव्हास गुंडाळू नका, जुना रंग गुंडाळीत तडकतो. रंगावर थेट प्लास्टिक लावू नका, आत घाम धरतो. कोपऱ्यांना जाड पुठ्ठा, सभोवती प्लायवुडची पेटी, आणि गाडीत चित्र उभं. सुटत असलेला रंग दिसला तर आधी संवर्धकाला दाखवा, मगच हलवा.

पैसे घेताना

रक्कम बँकेतून घ्या. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं बेकायदा आहे. चित्र ही घरगुती वापराची वस्तू धरली जात नाही, म्हणून विक्रीतल्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागतो. वारशाने आलेल्या जुन्या चित्रासाठी १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते. तेव्हाचं मूल्यांकन जाणकाराकडून लेखी करून घ्या आणि सीएला आधीच भेटा.

चित्र हातातून जाण्यापूर्वी चांगल्या छायाचित्रकाराकडून त्याचा मोठा फोटो काढून घ्या. तुम्ही लिहिलेल्या कागदाच्या दोन प्रती करा. एक घरी ठेवा, दुसरी पाकिटात घालून नव्या मालकाच्या हातात द्या. पाठीवर चिकटवू नका, गोंदाने कॅनव्हास खराब होतो.