तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर

"तुमचं मतदान झालंय की!" तासभर रांगेत उभं राहून टेबलापाशी पोहोचावं आणि हे ऐकावं. मग बहुतेक जण आवाज चढवतात, नाहीतर चडफडत घरी जातात. दोन्हींनी काही साधत नाही. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत अशा वेळीही मत देता येतं. त्याला 'प्रदत्त मत' म्हणतात. कर्मचारी बोलताना 'टेंडर व्होट' म्हणतील.

आधी चूक तर झाली नाही ना, ते बघा. पहिला मतदान अधिकारी तुमचं नाव मोठ्याने वाचतो आणि यादीवर खूण करतो. आपल्याकडे एका यादीत तीन सुनीता पाटील सहज निघतात, घाईत खूण भलत्याच ओळीवर होते. म्हणून अनुक्रमांक, वडिलांचं किंवा पतीचं नाव, वय आणि मतदार ओळखपत्राचा क्रमांक जुळवायला सांगा. मतदार नोंदवहीत त्या क्रमांकापुढे कुणाची सही किंवा अंगठा आहे, तेही तपासायला लावा. कधीकधी प्रकरण इथेच मिटतं.

तुमचं नाव 'अनुपस्थित, स्थलांतरित, मयत' अशा यादीत निघालं, तर ती गोष्ट वेगळी. तेव्हा ओळख नीट पटवून दिली की नेहमीसारखं यंत्रावरच मतदान करता येतं. आपण मयत नाही हे सिद्ध करण्याची वेळ येते, एवढंच.

खरोखरच दुसऱ्याने मत दिलेलं असेल, तर केंद्राध्यक्षांना भेटा. टेबलावरच्या कर्मचाऱ्याशी वाद घालू नका, निर्णय त्याच्या हातात नसतो. शांतपणे सांगा, "मला प्रदत्त मतपत्रिका द्या." निवडणूक नियम १९६१ मधला ४९ पी हा नियम सांगितलात तर उत्तमच. ओळखपत्र मूळ हवं. नुसती मतदार चिठ्ठी ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही, आणि मोबाइल आत नेता येत नसल्यामुळे त्यातला फोटो दाखवण्याचा प्रश्नच नाही. केंद्राध्यक्ष चार प्रश्न विचारतील. उत्तरं समाधानकारक वाटली की फॉर्म १७ बी वर तुमची सही घेऊन कागदी मतपत्रिका देतील. आडोशाला जाऊन हव्या त्या उमेदवारापुढे शिक्का मारायचा, घडी घालायची आणि ती केंद्राध्यक्षांच्याच हाती द्यायची. ते ती वेगळ्या पाकिटात ठेवतात. 'मला मशीनवरच बटण दाबायचंय' हा हट्ट मात्र नियमात बसत नाही.

आता कडू भाग. हे मत नेहमीच्या मोजणीत धरलं जात नाही. निकालाला आव्हान देणारी निवडणूक याचिका दाखल झाली आणि न्यायालयाला गरज वाटली, तरच ते पाकीट उघडतं. मग एवढा खटाटोप कशाला? राजस्थानात २००८ साली नाथद्वारा मतदारसंघात काँग्रेसचे उमेदवार सी. पी. जोशी फक्त १ मताने हरले, आणि तिथल्या प्रदत्त मतांचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. असं रोज घडत नाही, हे खरं. पण तुम्ही तसेच परत गेलात, तर तुमच्या नावावर मत देणारा तोतया कागदोपत्री खरा मतदार ठरतो.

तोतयाला आधीच अडवायचं काम उमेदवारांच्या मतदान प्रतिनिधींचं असतं. नाव पुकारलं गेल्यावर संशय आला, तर २ रुपये भरून प्रतिनिधीला आक्षेप घेता येतो. मग केंद्राध्यक्ष तिथेच चौकशी करतात. तोतयेगिरी सिद्ध झाली तर १ वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. घरातलं कुणी परदेशी असेल आणि त्याचं नाव यादीत तसंच असेल, तर ओळखीच्या प्रतिनिधीच्या कानावर घालून ठेवा. आणि स्वतः सकाळी लवकर जा. दुपारी जेवून, डुलकी काढून निघणाऱ्यांच्या वाट्याला हा प्रसंग जास्त येतो, असं माझं मत.

बाहेर पडण्यापूर्वी तुमच्या पक्षाच्या किंवा कुठल्याही प्रतिनिधीला सांगून ठेवा की या केंद्रावर एक प्रदत्त मत पडलं आहे. मतदान संपल्यावर प्रतिनिधींना फॉर्म १७ सी ची, म्हणजे केंद्रावरच्या मतांच्या हिशेबाची, प्रत मिळते. वापरलेल्या प्रदत्त मतपत्रिकांचा आकडा त्यात लिहावा लागतो. तिथे शून्य दिसलं, तर प्रश्न विचारायला कुणीतरी तयार हवं.