बाबांची कॅसेट लॅपटॉपवर उतरवताना

घाईने कॅसेट लावू नका. मी लावली आणि टेपने फीत गिळली. आधी उजेडात धरून बघा. पांढरी बुरशी दिसली तर थांबा. फीत सैल असेल तर चाकात पेन्सिल घालून ताणून घ्या. कापसाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट घेऊन टेपचं हेड, म्हणजे फीत जिथे घासत जाते तो धातूचा भाग, पुसा. बोळा तपकिरी निघतो, घाबरू नका.

टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर लॅपटॉपला जोडा. आवाज भरून घ्यायचं ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आवाजाची पट्टी लाल होऊ देऊ नका. ६० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू म्हणजे ३० मिनिटं, तेवढा वेळ बसावंच लागतं.

खरखर काढताना मात्र जपून! बाबा रेडिओसमोर टेप ठेवून गाणी भरायचे. एका कडव्यात मागून आई म्हणते, "अहो, गॅस बारीक करा ना," आणि कुकरची शिट्टी होते. मी हौसेने सगळं स्वच्छ केलं, तर आईच पुसट झाली. गाणं काय, कुठेही मिळेल. नशीब, मूळ फाइल ठेवली होती. तुम्हीही ठेवाच.

शेवटी कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन्ही प्लास्टिकच्या खुट्या मोडून टाका, म्हणजे चुकून कुणी त्यावर दुसरं काही भरणार नाही.