'मिसाईल पडलं' असा फॉरवर्ड आला की आधी काय बघायचं

आमच्या मावशीचा पोरगा उत्तर इस्रायलमध्ये कामाला हाय, त्यामुळं तिकडं काय बी पडलं की इकडं कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत आमच्या घरात आधी व्हॉट्सअ‍ॅप वाजतंय. २०२४ च्या जुलैत एका रात्रीत चार व्हिडिओ आले, चारी व्हिडिओंवर 'इराणचं मिसाईल' एवढंच लिहिलेलं, आणि मावशी रडायलाच लागली. मामा तोफखान्यातनं रिटायर झालेत, त्यांनी त्या रात्री मला शेजारी बसवून हे कसं बघायचं ते शिकवलं. तेच इथं लिहितोय, कारण आपल्या जिल्ह्यातली कितीतरी पोरं बाहेरच्या देशात हायत आणि घरातली माणसं उगंच जीव टांगणीला लावून बसतात.

पहिला प्रश्न एकच विचारायचा, सुटल्यावर ते वळवता येतं का? वळवता येत असेल तर मिसाईल, येत नसेल तर रॉकेट. रॉकेटच्या आत घन इंधन असतंय, ते थोडे सेकंद जळतं आणि संपतं, त्यानंतर ते गोफणीतनं सुटलेल्या दगडासारखं, वारा लागला तर वारा नेईल तिकडं, पडेल तिथं पडेल. ज्वारीच्या रानात पाखरं हाकलायला ज्यानं गोफण फिरवली असेल त्याला हे जास्त सांगायला नको. मामा म्हणाले, पेशवाईतल्या लढायांत जे 'बाण' सोडायचे ते पण हेच, आणि आपल्या लष्कराचं पिनाका पण मुळात हीच जात (नंतर त्याची गायडेड आवृत्ती आली, ती वेगळी).

आता चुकतं किती ते स्वतः काढून बघा. नेम फक्त १ अंशानं हुकला तर १० किलोमीटरवर साधारण १७५ मीटरचा फरक पडतोय, म्हणजे शेजारच्या गल्लीत. तोच १ अंश ७५ किलोमीटरवर हुकला तर १३०० मीटर, म्हणजे मंगळवार पेठेवर धरलेलं शिवाजी पेठेत. म्हणून ही रॉकेटं सहसा एकेक सोडत नाहीत, ट्रकवर नळ्या लावून बरीच एकदम सोडतात, आणि जिथं खाली वस्ती असते तिथं मग कोण सैनिक कोण पोरगं हे त्या रॉकेटला कळत नाही.

दुसरं, नाव बघा आणि जाडी बघा. बातमीत बऱ्याचदा कुठंतरी मिलिमीटरचा आकडा असतो. इराणची नावं एकदा पाठ केली की बरंच सोपं जातं. मी ती कोल्हापूरच्या अंतरांवर बसवून लक्षात ठेवलीत. १२२ मिलिमीटरचं ग्राडसारखं (मूळ रशियन बनावटीचं) रॉकेट साधारण २० किलोमीटर जातं, इथनं पन्हाळा. फज्र-३ हे २४० मिलिमीटरचं, ४३ किलोमीटर, सरळ रेषेत सांगली. फज्र-५ हे ३३३ मिलिमीटरचं, ७५ किलोमीटर, म्हणजे कराडच्या पण पुढं, आणि त्याच्या तोंडात ९० किलो स्फोटक. हेच २०१२ च्या नोव्हेंबरात गाझातनं तेल अवीवच्या दिशेनं सोडलं होतं, तेव्हा पहिल्यांदा माझ्या कानावर हे नाव पडलं. झेलझाल-२ हे ६१० मिलिमीटरचं धूड, २०० किलोमीटर, पुण्याच्या आसपास. पण इथं जरा जपून, कारण झेलझालवरनंच पुढं फतेह-११० काढलं आणि त्याला दिशा देणारी यंत्रणा बसवली, ते मिसाईल झालं. दोन्ही लांबनं बघितलं तर भावाभावासारखी दिसतात, त्यामुळं फोटोवरनं कधीच ठरवू नका.

नाव कळलं की नकाशा उघडा. कुठनं सुटलं आणि कुठं पडलं यातलं अंतर मोजा. १० किलोमीटरचं रॉकेट ६० किलोमीटरवर पडलं असं कोण सांगत असेल तर एकतर नाव चुकलंय नाहीतर जागा चुकलीय.

आता त्या जुलैचंच सांगतो. २७ जुलै २०२४, इस्रायलच्या ताब्यातल्या गोलान टेकड्यांवर मजदल शम्स म्हणून द्रूझ (अरबी बोलणारा एक वेगळा धार्मिक समाज) लोकांचं गाव हाय, तिथं संध्याकाळी पोरं फुटबॉल खेळत होती आणि मैदानावर येऊन पडलं, १२ मुलं गेली. आपल्याकडं आलेल्या मेसेजात 'मिसाईल' होतं. इस्रायलनं सांगितलं की ते फलक-१ होतं आणि हिजबुल्ला या लेबनॉनमधल्या सशस्त्र संघटनेनं सोडलं. फलक-१ म्हणजे इराणी बनावटीचं २४० मिलिमीटरचं रॉकेट, पल्ला १० किलोमीटरच्या आसपास, तोंडाला ५० किलोचा स्फोटक भाग, आपल्या साखर कारखान्यातल्या एका पोत्याएवढं वजन. हिजबुल्लानं मैदानावर मारल्याचं साफ नाकारलं, पण त्याच दिवशी तिथनं जवळपास ३ किलोमीटरवरच्या लष्करी तळावर फलक-१ सोडल्याचं त्यांनीच जाहीर केलं होतं. म्हणजे वाचताना तीन खण करा, इस्रायल काय म्हणतंय, हिजबुल्ला काय म्हणतंय, आणि दोघांनाही मान्य असलेलं काय. आणि मग स्वतःला विचारा, ज्याला वळवताच येत नाही असं, तोंडाला ५० किलोचा स्फोटक भाग असलेलं रॉकेट वस्तीशेजारच्या तळावर सोडायचं म्हणजे काय करायचं? 'नेम चुकला' म्हणून ही गोष्ट सुटत नाही असं मला मनापासनं वाटतंय, कारण चुकणार हे सोडणाऱ्याला माहीत असतंय. नागरिक आणि सैनिक यांच्यात फरक न करता केलेला हल्ला युद्धाचे नियम ठरवणाऱ्या जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पुरवणी प्रोटोकॉलमध्ये निषिद्धच हाय, मग तो कुठल्याही बाजूनं असू दे.

उलटंही होतं, हे ध्यानात ठेवा. मार्च २०२४ ला मार्गालिओत या लेबनॉनच्या सीमेवरच्या इस्रायली गावात बागेत काम करणारा केरळचा एक कामगार गेला, तिथं बातमीत रणगाडाविरोधी मिसाईल लिहिलं होतं आणि ते बरोबर होतं. म्हणून 'सगळी रॉकेटंच' असंही धरून चालू नका.

व्हिडिओचं थोडक्यात. व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट काढा आणि गूगल लेन्सला टाका, जुना असेल तर बऱ्याचदा लगेच सापडतो. आर्मा ३ या गेममधल्या क्लिपा खऱ्या युद्धाच्या म्हणून इतक्या फिरल्यात की गेम बनवणाऱ्या कंपनीला खुलासा द्यावा लागला होता. आणि आकाशात वरच भपकन उजेड होऊन विझला तर ते बहुतेक हवेतच फोडलेलं असतंय, खाली पडलेलं नव्हे, घरात आधी हे सांगा.

पण ह्या सगळ्याच्या आधी एक काम करा. मी आता मावशीला व्हिडिओ उघडूच देत नाही, आधी पोराला एक मेसेज टाकायचा. सीमेजवळ सायरन झाल्यावर हातात काही सेकंदच असतात, त्यामुळं तो लगेच फोन उचलेल अशी अपेक्षा धरायची नाही, सारखी रिंग द्यायची नाही. 'आत हाय, मम्मीला सांग' एवढं त्याचं आलं की मग मामांना बोलवायचं, चहा ठेवायचा आणि नकाशा उघडायचा.