चांदी शोधायचीय? आधी डिस्क्रिमिनेशन बंद करा

मेटल डिटेक्टरने नैसर्गिक चांदी शोधायला येणारे नवे लोक बहुधा नाणी शोधून आलेले असतात. चांदी म्हणजे स्क्रीनवर मोठा आकडा, हे त्यांच्या डोक्यात पक्कं असतं. कॅनडातल्या कोबाल्ट परिसरात या समजुतीने चांगले दगड मागे राहतात. चांदी विजेची सर्वोत्तम वाहक आहे, म्हणून तिचा आकडा मोठा येतो, पण ती एकसंध असेल तेव्हाच. इथे ती कॅल्साइट या खनिजात तारांसारखी, पानांसारखी किंवा बारीक कणांत विखुरलेली असते. तसा दगड फॉइलसारखा, कधी लोखंडाच्या जवळचा आकडा देतो. म्हणून डिस्क्रिमिनेशन, म्हणजे लोखंड-फॉइलसारख्या आकड्यांचे आवाज गाळणारी सोय, बंद ठेवा. आकड्यावर विसंबू नका, कानावर विसंबा आणि वाजेल ते खणा.

हे कष्टाचं आहे. १९०३ मध्ये रेल्वेमार्ग टाकताना इथे चांदी सापडली, मग खाणी निघाल्या. त्यांच्या टाकाऊ दगडांच्या ढिगाऱ्यांत खिळे आणि पत्रे भरपूर. त्यातच चांदीही राहून गेली आहे.

आवाज आला की कॉइल, म्हणजे डिटेक्टरची जमिनीवरून फिरवायची चकती, हळूहळू वर उचला. हॉट रॉकचा, म्हणजे धातू नसतानाही डिटेक्टर वाजवणाऱ्या खनिजयुक्त दगडाचा, आवाज बहुतेकदा पटकन विरतो, धातूचा जरा टिकतो. तरी खात्री दगड बाहेर काढूनच होते: कॉइल स्थिर धरा आणि दगड समोरून फिरवा. मग तो हातात तोला. चांदीची घनता पाण्याच्या साडेदहा पट, कॅल्साइटची जेमतेम पावणेतीन पट. भरपूर चांदी असेल तर वजन लगेच जाणवतं. चकाकी मात्र शोधू नका, हवेत राहून चांदी काळी पडते. दगडावर गुलाबी बुरशीसारखा थर दिसला तर तिथे थांबा. ते कोबाल्ट धातूचं खनिज आहे आणि या भागात चांदी त्याच्याच सोबतीने येते.

सोबतीला आर्सेनिकही येतं, हे मला फार कळकळीने सांगायचंय. हातमोजे घाला, खाण्याआधी हात धुवा. जुना डिटोनेटर (सुरुंग उडवणारी छोटी नळी) दिसला तर त्याला हात लावू नका, लांब व्हा आणि पोलिसांना कळवा. उघड्या शाफ्टच्या (खाणीच्या उभ्या विवराच्या) काठाशी जाऊ नका. ढिगारा पडीक दिसला तरी जमिनीचा आणि खाणहक्काचा मालक असतो. दोन्ही परवानग्या लेखी घ्या.

घरी दगड कापायचा असेल तर पाणी सोडूनच कापा आणि मास्क लावा. कोरडी धूळ श्वासात जाता कामा नये.