राऊटर स्पिंडलचा कोलेट अडॅप्टर घेताना या चुका टाळा

कोलेट म्हणजे राऊटरच्या स्पिंडलमध्ये (फिरणाऱ्या दांड्यात) बिट घट्ट धरणारी, चिरा असलेली नळी. सूत (इंचाचा आठवा भाग) आणि मिमीच्या गल्लतीतूनच बहुतेक घोटाळा सुरू होतो. 'दोन सुती बिट द्या' म्हटलं की काउंटरवरून कधी पाव इंची शँक (बिटचा दांडा) येते, कधी ६ मिमी. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. ही ०.३५ ची तफावत डोळ्याला दिसत नाही, पण तेवढ्याने बिट निसटतो. अर्धा इंच (१२.७) आणि १२ मिमी, एक सूत (३.१७५) आणि ३ मिमी यांचंही तेच. आधी शँकला व्हर्निअर लावा, मग दुकानात जा.

दुसरी चूक म्हणजे मोटरच्या वॅटवरून कोलेट ठरवणं. ईआर ही कोलेटची प्रमाणित मालिका, पुढचा आकडा मापाचा. दीड किलोवॅटचे स्पिंडल ईआर११ मध्येही मिळतात आणि ईआर१६ मध्येही. नटाचे आटे (व्यास × दोन आट्यांमधलं अंतर, मिमीत) मोजले की शंका उरत नाही: ईआर११ ला एम१४×०.७५, ईआर१६ ला एम२२×१.५, ईआर२० ला एम२५×१.५. मिनी नट असेल तर तेच आकडे अनुक्रमे एम१३×०.७५, एम१९×१ आणि एम२४×१ होतात, म्हणून नट बदलायचा असेल तर जुना सोबत न्या. हातातल्या राऊटरचा आणि ट्रिमरचा कोलेट ईआर नसतो. तो कंपनीगणिक वेगळा, त्यामुळे तिथे मॉडेल नंबरच सांगावा लागतो.

ईआर कोलेटवर लिहिलेला आकडा वरच्या मर्यादेचा असतो. कोलेट आत दबतो, बाहेर फुलत नाही. ईआर११ चा ६ नंबर साधारण ५.५ ते ६ धरतो, त्यात ६.३५ ची शँक ठोकून बसवू नका. ७ नंबरही ६.५ च्या खाली नीट आवळत नाही. पाव इंची बिटला ६.३५ चाच कोलेट घ्या, नाहीतर ६.५ चा. ईआर११ ची कमाल पकड ७ मिमी, ईआर२० ची १३. म्हणजे अर्ध्या इंची बिटसाठी ईआर११ वर अडॅप्टर शोधत बसण्यात अर्थ नाही, स्पिंडलच मोठा लागतो.

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज-चिकलठाणा औद्योगिक भागात व्हीएमसीला (धातू कापणाऱ्या संगणकचलित यंत्राला) लागणारे ईआर कोलेट विकणारे टूल डीलर आहेत. प्रमाण एकच, डीआयएन ६४९९, त्यामुळे तेच कोलेट लाकडाच्या राऊटरच्या ईआर स्पिंडललाही बसतात. योग्य मापाचा कोलेट मिळत असेल तर अडॅप्टर नकोच. प्रत्येक जादा तुकडा बिटचा डगमगाट वाढवतो.

लेथवर साधा बुश करून घेणं हा सगळ्यात महागात पडणारा स्वस्त उपाय. त्याला चीर नसते, म्हणून नट कितीही आवळला तरी बिटवर दाब पोचत नाही. मिनिटाला १८,००० फेऱ्यांवर असा बिट सुटला तर समोर कोण उभं आहे हे तो बघत नाही. अर्ध्या इंची राऊटरला पाव इंची बिट लावायचाच असेल तर चिरेची, कडक केलेली रिड्यूसर स्लीव्ह घ्या आणि हलकेच कापा. सरळ दांड्याचा ईआर चक (कोलेट धरणारा जोडतुकडा) राऊटरमध्ये लावून लांबी वाढवणं तर पूर्ण टाळा, लोंबणाऱ्या वजनाने बेअरिंग जातात.

बसवताना होणारी चूक एकच, पण घरोघरी होते: कोलेट आधी स्पिंडलमध्ये टाकून वरून नट फिरवणं. कोलेट आधी तिरका धरून नटाच्या आतल्या कड्यात 'टक्' आवाज येईपर्यंत बसवा. मग नट दोन-तीन आटे फिरवून बिट घाला. शँक कोलेटच्या किमान दोन-तृतीयांश लांबीत हवी. ती तळाला टेकली असेल तर दोन-तीन मिमी वर ओढा आणि दोन पान्यांनी आवळा. रिकामा कोलेट कधीच आवळू नका, तो वाकडा होतो.

एवढं करूनही कापाची रुंदी बिटपेक्षा जास्त येते? नट-कोलेट काढा, टेपर (कोलेट बसतो तो निमुळता भाग) सुक्या कापडाने पुसा, एमडीएफचा भुसा तिथेच अडकतो. मग डायल गेजची सुई स्पिंडलच्या आतल्या टेपरला लावून हाताने फिरवा. इथेच काटा हलत असेल तर दोष स्पिंडलचा, नवा कोलेट घेऊन पैसे घालवू नका. टेपर स्थिर असेल आणि नटाखाली शँकवर काटा हलत असेल, तर कोलेट बदला. शँकवर काळपट घासल्याचे पट्टे दिसत असतील तर बिट आत फिरतोय: माप चुकलंय, तेल राहिलंय किंवा कोलेट झिजलाय.